एका वेढ्याचा दोष

स्विचिंग परिवर्तकातले रोहित्र तळहातावर मावते. काळसर फेराइटचा गाभा, त्यावर प्लास्टिकचे बॉबिन, बॉबिनवर तांब्याच्या तारेचे वेढे आणि वरून पिवळी मायलर टेप, एवढाच त्याचा संसार. पाठ्यपुस्तकात ते उच्च वारंवारितेचे रोहित्र असते. दुरुस्तीच्या टेबलावर त्याला ‘चॉपर’ म्हणतात. टीव्ही, संगणक, मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा यांच्या पोटात ते वर्षानुवर्षे आहे. परभणी जिल्ह्यात ते आता शेतातही जाऊन बसले आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ साली. आणि जिंतूर-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंत विहिरींच्या काठी तीन, पाच, साडेसात अश्वशक्तीचे सौरपंप दिसू लागले. पॅनेलच्या सावलीत खांबाला टांगलेला जो लोखंडी डबा असतो, तो कंट्रोलर. पॅनेलकडून येणाऱ्या डीसी विजेचे मोटारीला चालेल अशा विजेत रूपांतर करणे हे त्याचे मुख्य काम. पण त्या कामावर देखरेख करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सला स्वतःसाठी ५, १५, २४ व्होल्ट अशी फुटकळ वीज लागते. ती पुरवणारा एक छोटा फ्लायबॅक परिवर्तक बोर्डाच्या कोपऱ्यात असतो आणि त्याच्या मध्यभागी हा चॉपर. तो बसला की वर कितीही ऊन असो, डिस्प्ले काळा राहतो आणि साडेसात अश्वशक्तीची मोटार विहिरीत गप्प बसते.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. या योजनांतल्या पंपांना पाच वर्षांची हमी असते. त्या मुदतीत डबा उघडणे म्हणजे आपल्या हक्कावर आपणच पाणी सोडणे. पुढचे विवेचन हमी संपलेल्या बोर्डासाठी आहे. शिवाय हा परिवर्तक पॅनेलच्या काहीशे व्होल्टवर चालतो. डीसीची ठिणगी एसीसारखी स्वतःहून विझत नाही, आणि पॅनेलची जोडणी तोडल्यावरही मोठ्या कपॅसिटरमधला भार बराच वेळ टिकतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये.

रोहित्र म्हटले की मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ‘डीपी’ येते: जोडखांबावरची, ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारी, तेलाने भरलेली. दोघांचे कूळ एकच. एका वेढ्यावर किती व्होल्ट पेलता येतात हे वारंवारिता, गाभ्याचे क्षेत्रफळ आणि गाभ्यातली चुंबकीय घनता यांच्या गुणाकारावर ठरते. डीपी ५० हर्ट्झवर चालते, चॉपर साधारण एक लाख हर्ट्झवर. म्हणजे दोन हजार पट. फेराइटला पोलादाइतकी चुंबकीय घनता सोसत नाही. पोलादी पत्रा दीड टेस्लापर्यंत वापरतात, फेराइट पाव टेस्लाच्या आसपास. तरीही उरणारा फायदा काहीशे पटींचा आहे, म्हणून गाभा इतका आटतो.

लहान होण्याची किंमत मात्र द्यावी लागते. एवढ्या वारंवारितेला वीज तारेच्या गाभ्यातून न जाता कातडीतून जाते. एक लाख हर्ट्झला तांब्यात ही कातडी जेमतेम ०.२ मिलिमीटर जाड असते. म्हणून जाड तारेऐवजी बारीक तारांचा पीळ, म्हणजे लिट्झ वायर, किंवा तांब्याची पातळ पट्टी वापरावी लागते. बारीक तारेवर इनॅमलचा थरही पातळच असतो. असे शंभर वेढे बोटाएवढ्या जागेत दाबून बसवले की दोन वेढ्यांमध्ये इन्सुलेशन म्हणून उरतो तो केसापेक्षाही पातळ पापुद्रा.

या गुंडाळीत दोष चार तऱ्हेचे होतात. तार तुटणे हा सगळ्यांत साधा. मीटरची बीप वाजत नाही आणि विषय संपतो. बहुतेक वेळा तार मध्ये तुटतच नाही, बॉबिनच्या पिनपाशी सोल्डर निसटलेले असते. लिट्झमध्ये थोडी फसगत होते. वीस तारांतल्या बारा पिनपासून सुटल्या तरी बीप वाजतेच, पण उरलेल्या आठ तापतात. दुसरा दोष प्रायमरी आणि सेकंडरी एकमेकींना भिडण्याचा. हा सर्वांत धोक्याचा, कारण पॅनेलचा उच्च दाब थेट डिस्प्लेच्या बटणापर्यंत पोहोचतो. तिसरा दोष खरे तर गुंडाळीचा नव्हेच: गाभ्याला तडा जाणे किंवा त्यातली हवेची फट बदलणे. पण लक्षणे गुंडाळीच्या दोषासारखीच दिसतात. आणि चौथा, ज्यासाठी हा सारा प्रपंच, तो म्हणजे शेजारच्या दोन वेढ्यांमधले इनॅमल जाऊन एक वेढा स्वतःशीच मिटणे. दुकानात याला ‘टर्न शॉर्ट’ म्हणतात.

मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिरांना हा शब्द नवा नाही. सबमर्सिबल मोटारीचे कॉइल भरताना ते रोज याच शत्रूशी झुंजतात. तीन फेजचे अँपिअर समान आले नाहीत की त्यांना वास लागतो. चॉपरला तीन फेज नसतात, तुलनेला शेजारी नसतो. म्हणून हातात असलेल्या मीटरवर भिस्त ठेवली जाते, आणि तिथेच फसवणूक होते.

आकडे घेऊन पाहिले की ही फसवणूक उघड होते. समजा, प्रायमरीचे १०० वेढे आहेत, त्यांचा रोध एक ओहम आणि इंडक्टन्स एक मिलिहेन्री. एक वेढा मिटला तर रोध ०.९९ ओहम होईल. साध्या मीटरच्या दोन वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. त्यात हा शंभरावा हिस्सा कुठे सापडायचा? वायरींचा रोध वजा करणारे चांगले उपकरण आणले तरी हवामान आडवे येते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे तीन अंशांच्या फरकात एक वेढा लपून जातो. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मेच्या दुपारी चव्वेचाळीस ओलांडतो. त्या ३४ अंशांत निरोगी गुंडाळीचाच रोध तेरा टक्क्यांनी हलतो. ओहममीटर या दोषापुढे आंधळा आहे, आणि तो आंधळेपणा स्वस्त-महाग मीटरचा नसून मोजण्याच्या पद्धतीचाच आहे.

पुढचा उपाय इंडक्टन्स मोजण्याचा. तोही कोणत्या वारंवारितेवर मोजला यावर सगळे ठरते. मिटलेला वेढा म्हणजे एका वेढ्याची, टोके जोडलेली सेकंडरीच. त्या वेढ्याचा रोध दहा मिलिओहम. प्रायमरीच्या बाजूने पाहिले तर वेढ्यांच्या वर्गपटीत तो १०० ओहमचा दिसतो. प्रायमरीची स्वतःची रिॲक्टन्स १ किलोहर्ट्झला सहा ओहमच्या आसपास असते. सहा ओहमच्या शेजारी शंभर ओहमची पायवाट असली काय नि नसली काय. वीज हमरस्त्यानेच जाते. मीटर बेधडक एक मिलिहेन्री दाखवतो. बाजारातले पुष्कळ स्वस्त एलसीआर मीटर १०० हर्ट्झ किंवा १ किलोहर्ट्झवरच मोजतात, म्हणून त्यांनी चॉपर ‘ओके’ ठरवला तर त्यावर विसंबू नये. तीच मोजणी १० किलोहर्ट्झवर केली की आकडा ७०० मायक्रोहेन्रीपर्यंत घसरतो. शंका येते, पण निवाडा होत नाही, कारण मूळ आकडा ठाऊक नसेल तर ७०० हेच मूळ समजून माणूस पुढे जातो. १०० किलोहर्ट्झवर प्रायमरीची रिॲक्टन्स ६२८ ओहम होते, शंभर ओहमची वाट आता हमरस्ता बनते आणि हजाराच्या जागी मीटरवर शंभराच्या आसपास किंवा त्याहून खालचा आकडा येतो. रोहित्राची विचारपूस त्याच्या कामाच्या वारंवारितेवर करावी लागते ती यासाठी.

मीटर नसेल तर घंटेची परीक्षा आहे. गुंडाळीला एक छोटा कपॅसिटर जोडून विजेचा हलका ठोका द्यायचा आणि ऑसिलोस्कोपवर पाहायचे. धड गुंडाळी घंटेसारखी घुमते, दहा-बारा लहरी हळूहळू विरत जातात. वेढा मिटलेला असेल तर एक-दोन लहरींत आवाज बसतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. जुन्या टीव्हीच्या ईएचटी रोहित्रासाठी हीच परीक्षा वापरली जाई आणि त्या काळातले रिंग टेस्टर आजही उपयोगी पडतात. पण नुसत्या लहरी मोजून थेट निकाल देऊ नये. तशाच दुसऱ्या बोर्डावरचा धड चॉपर शेजारी ठेवून तुलना करणे उत्तम.

या साऱ्या परीक्षांना एक अट आहे: चॉपर बोर्डावरून उपसलेला हवा. सेकंडरीला जोडलेला डायोड शॉर्ट झालेला असेल तर सेकंडरीच मिटते, आणि मिटलेली सेकंडरी व मिटलेला वेढा यांत प्रायमरीला फरक कळत नाही. इंडक्टन्स तसाच पडतो, घंटा तशीच बद्द वाजते. निरपराध चॉपर फेकून नवा बसवला जातो तो बहुधा याच गफलतीतून. म्हणून उपसण्याआधी संशयितांची रांग लावावी आणि चॉपरला तिच्यात शेवटी उभे करावे. सर्वांत पुढे सेकंडरीचे डायोड आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. उन्हात सुकलेला कपॅसिटर वरून फुगलेला नसला तरी आतून मेलेला असू शकतो. त्यामागे सुरुवातीची वीज देणारे मोठ्या रोधाचे रेझिस्टर, जे काहीशे व्होल्ट सतत सोसत ओपन होतात. मग यूसी ३८४२ जातीची कंट्रोलर आयसी, ऑप्टोकपलर आणि टीएल ४३१, आणि चॉपरची वीज चालू-बंद करणाऱ्या मॉस्फेटच्या पायातला छोटा रेझिस्टर. इतक्यांनी हात झटकले की मग चॉपर.

लक्षणेही थोडी बोलतात. पुरवठा ‘टिक-टिक-टिक’ करीत दर सेकंदाला एकदोनदा उठायचा प्रयत्न करून बसत असेल, तर कुठेतरी जादा भार आहे आणि आयसी स्वतःला वाचवत आहे. तो भार शॉर्ट डायोडचा असेल किंवा वेढ्याचा. सेकंडरीचे डायोड एकेक करून उचलले आणि तरीही टिकटिक थांबली नाही, तर संशय पक्का होऊ लागतो. मॉस्फेट बदलला की तत्क्षणी उडतो, पुन्हा बदलला की पुन्हा उडतो, हेही वेढ्याच्या दोषाचे लक्षण, पण एकमेव नव्हे. मॉस्फेटच्या ड्रेनवरचा, व्होल्टेजचा उसळता काटा दाबणारा स्नबर तुटला असला तरी हेच घडते. सहाशे व्होल्टच्या बसवर चालणाऱ्या अशा परिवर्तकात दीड हजार व्होल्टचा मॉस्फेट लागतो. त्याच्या जागी दुकानात सहज मिळणारा सहाशेचा टाकला, तर चॉपर धड असूनही तो टिकणार नाही.

खांबावरची डीपी या बाबतीत चॉपरची थोरली बहीण शोभते. परभणी मंडळ महावितरणच्या नांदेड परिमंडळात येते, आणि रब्बीत पंप एकदम सुरू झाले की ‘डीपी जळाली’ ही बातमी गावोगावची. जादा भार, तारांवर टाकलेले आकडे, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली जाड तार, चोरीला गेलेले तेल ही कारणे सर्वांना पाठ आहेत. आतली कहाणी मात्र तीच: तापून कागद-वार्निश ठिसूळ होते आणि उच्च दाबाच्या बाजूचे, बारीक तारेचे दोन वेढे भिडतात. इन्सुलेशन मोजणारा मेगर लावला तर उच्च दाब-लघुदाब, उच्च दाब-अर्थ, सगळे इन्सुलेशन उत्तम दिसू शकते. मेगर शेजाऱ्यांमधले भांडण दाखवतो, घरातले नाही. म्हणून कार्यशाळेत ११ केव्हीच्या बाजूला ४१५ व्होल्टचा साधा तीन फेज पुरवठा देऊन पाहतात. ११,००० भागिले ४३३ म्हणजे सुमारे २५. लघुदाबाकडे प्रत्येक जोडीत सोळा-साडेसोळा व्होल्ट यायला हवेत, आणि मुख्य म्हणजे तिन्ही फेजचा रिकामा प्रवाह काही मिलिअँपिअरच हवा. एका फेजचा प्रवाह भलताच वाढला की त्या पायावर वेढा मिटला आहे. डीपी ५० हर्ट्झचीच असल्याने तिची विचारपूस ५० हर्ट्झवर होते, एवढाच फरक.

वेढा मिटतो कशामुळे? पहिले कारण उष्णता. इनॅमल आणि टेप यांचे आयुष्य दर आठ-दहा अंशांनी निम्मे होते, असा जुना अनुभवसिद्ध नियम आहे. ‘बी’ वर्गाचे इन्सुलेशन १३० अंशांसाठी असते. मेमध्ये बाहेर ४४ अंश, बंद डब्यात त्यावर वीस धरले आणि चॉपरची स्वतःची वाढ पन्नास धरली, तर ११४ होतात. हाताशी उरते ती पंधरा-सोळा अंशांची शिल्लक. त्यात फेराइटही आपला स्वभाव दाखवतो. नेहमीच्या पॉवर फेराइटमधली हानी ८० ते १०० अंशांच्या दरम्यान सर्वांत कमी असते आणि पुढे पुन्हा चढते, म्हणजे तापलेला गाभा आणखी तापू लागतो. शिवाय पंचवीस अंशांवर जवळपास अर्धा टेस्ला पेलणारा गाभा शंभर अंशांवर ०.४ च्या आसपासच संपृक्त होतो. हिवाळ्यात उलटे घडते. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज दर अंशाला सुमारे ०.३ टक्के चढतो, म्हणून डिसेंबरच्या सकाळी पहिले ऊन पडताच बसवर वर्षातला सर्वाधिक दाब येतो. उन्हाळा इन्सुलेशन भाजतो, हिवाळा त्यावर ताण देतो.

दुसरे कारण गुंडाळण्याच्या रीतीत दडलेले असते. तीन थरांच्या प्रायमरीवर ६०० व्होल्ट पडतात असे समजा. पहिला थर डावीकडून उजवीकडे, दुसरा उजवीकडून डावीकडे भरला, तर उजव्या टोकाला दोन थरांतला फरक शून्य, पण डाव्या टोकाला दोन थरांचा मिळून ४०० व्होल्ट. हवेत सव्वातीनशे व्होल्टच्या खाली ठिणगी पडूच शकत नाही, फट कितीही लहान असो. चारशे व्होल्ट त्या उंबरठ्याच्या वर आहेत. थरांमध्ये टेप नसेल तर त्या डाव्या कोपऱ्यात, न दिसणाऱ्या सूक्ष्म ठिणग्या सेकंदाला लाखवेळा इनॅमल कुरतडतात. जळालेला चॉपर उकलताना काळा डाग वारंवार थराच्या टोकाशी सापडतो तो याच कारणाने. बाकी कारणे चटकन सांगण्यासारखी आहेत: मृगाच्या सुरुवातीच्या विजा, डब्यात शिरलेला ओलावा, त्यावर बसलेली धूळ, आणि उबेला आलेली पाल.

मिळतीजुळती वस्तू बाजारात नसेल तर चॉपर पुन्हा गुंडाळावा लागतो. अवघड काम गाभा सुटा करण्याचे. फेराइट चिनीमातीसारखा ठिसूळ असतो. तो आणि बॉबिन डिंकाने व वार्निशने चिकटलेले असतात. हॉट एअर गनने सावकाश तापवावे किंवा काही वेळ उकळत्या पाण्यात ठेवावे. घाईने पिळले तर पाय मोडलाच. मग टेपचा एकेक थर सोडत वेढे उलटे मोजायचे आणि वहीत लिहायचे: किती वेढे, कोणती तार, कोणत्या पिनपासून कोणत्या दिशेने, मध्ये टेपचे किती थर. हे लिहिण्याचा कंटाळा केला की पुढचे सगळे अंदाजपंचे होते. बहुतेक चॉपरमध्ये अर्धी प्रायमरी, मग सेकंडरी, मग उरलेली प्रायमरी असा सँडविच असतो. सोयीसाठी सगळी प्रायमरी आधी भरली तर चुंबकीय गळती वाढते आणि ड्रेनवरचा व्होल्टेजचा काटा उंचावतो. एक गुंडाळी उलट्या दिशेने भरली तर फ्लायबॅक फ्लायबॅक राहत नाही. मॉस्फेट चालू असतानाच सेकंडरी वाहू लागते आणि पहिल्याच क्षणी स्फोट होतो.

प्रायमरी-सेकंडरीमधल्या इन्सुलेशनमध्ये काटकसर चालत नाही. तीन पदरी इन्सुलेशनची तार मिळाली तर उत्तम, नाही तर दोन्ही कडांना टेपची पट्टी सोडून तार आतल्या बाजूला ठेवावी. ही कड कुणाच्या तरी बोटाला वाचवण्यासाठी असते, जागा उरली म्हणून सोडलेली नसते.

हवेची फट हा दुसरा सापळा. मूळ गाभ्याचा मधला पाय घासून ०.४ मिलिमीटरची फट ठेवलेली असेल, आणि दुसऱ्या सपाट गाभ्यात कागद घालून ती साधायची असेल, तर कागद तिन्ही पायांखाली येतो आणि चुंबकरेषा तो दोनदा ओलांडतात. म्हणून कागद ०.२ मिलिमीटरचा हवा. फट विसरली तर इंडक्टन्स मूळच्या कित्येक पट येतो, कारागीर खूश होतो, आणि गाभा पहिल्या भारातच संपृक्त होऊन मॉस्फेट घेऊन जातो. मूळ आकड्याच्या दहा टक्के मागेपुढे चालते, त्याहून जास्त नाही.

वार्निशमध्ये बुडवून, सुकवून, पुन्हा १०० किलोहर्ट्झवर इंडक्टन्स पाहावा. कारखान्यात प्रायमरी-सेकंडरीमध्ये ३००० व्होल्ट एसी मिनिटभर देतात. दुकानात निदान हजार व्होल्टचा मेगर तरी लावावा. पहिला पुरवठा पॅनेलवरून नव्हे, टेबलावरून: २३० व्होल्ट रेक्टिफाय केले की ३२५ व्होल्ट डीसी मिळतात, आणि वाटेत एकास एक आयसोलेशन रोहित्र असेल तर ऑसिलोस्कोप लावणेही सुरक्षित होते. सिरीजमध्ये साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब हवा. एलईडीच्या काळात तो मिळेनासा झाला आहे, म्हणून जाणते मेकॅनिक दोन-चार बल्ब जपून ठेवतात. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर सारे ठीक. उजळलेलाच राहिला तर बंद करावे, मॉस्फेट वाचलेला असतो. बाहेरचे सगळे व्होल्टेज जागेवर आले की बल्ब काढून, भार देऊन पुरवठा तासभर चालवावा आणि चॉपरचे तापमान नोंदवावे. मग डब्याचे झाकण लावून तीच तासभराची चाचणी पुन्हा घ्यावी, कारण पंख्याखालच्या उघड्या टेबलावरचा आकडा उन्हातल्या बंद डब्याला लागू पडत नाही.